पेशी, पिंड आणि अर्बुद : जीवघडणीच्या संशोधनाचा एक मराठी अध्याय



या स्मृतिव्याख्यानासाठी शाळेने मला पाचारण केले तेव्हा विषयाचे कोणतेही बंधन घातले नव्हते. मराठीचा निवृत्त प्राध्यापक बोलणार म्हटल्यावर संतवाङ्मय किंवा फार तर सीमाभागातील मराठीची स्थिती यांपैकी काही तरी कानांवर पडेल, असे आपण गृहीत धरले असेल. मी मात्र गर्भविज्ञान आणि पेशीविज्ञान यांच्या इतिहासाविषयी बोलणार आहे. हा अधिकारातिक्रम आहे हे मी जाणतो. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी आम्हांला मराठी शिकवीत नसत, विज्ञान शिकवीत. आणि त्यांच्या एका तासाचे देणे माझ्यावर साठ वर्षे राहून गेले आहे.

मी आठवीत होतो. साल १९६४ असावे. गुरुजींनी घरून एका टोपलीत, भुशात गुंडाळून, दोन अंडी आणली. खुडूक कोंबडीखाली चार दिवस ठेवलेली ती अंडी होती. टेबलावर एका खोलगट बशीत कोमट मिठाचे पाणी होते. त्यांनी अंड्याचे कवच सुरीच्या मुठीने हलकेच टिचवले आणि आतला ऐवज अलगद पाण्यात सोडला. पिवळ्या बलकावर तांबड्या शिरांचे बारीक जाळे पसरलेले होते आणि जाळ्याच्या मध्यावर एक लाल ठिपका उडत होता. धडधडत होता म्हणणे अधिक बरोबर. पंचेचाळीस मुलांचा तो वर्ग, पण कोणी हूं की चूं केले नाही. मग कुंभाराच्या घरातला, माझ्याच बाकावर बसणारा मुलगा उठून म्हणाला, "गुर्जी, आमच्या बाच्या चाकावर माती हातानं वळती. हितं वळवणारा हात कुठं हाय?"

खानापूरच्या मातीची भांडी आणि कौले दूरवर जातात. खादी ग्रामोद्योगाची कुंभकला संस्थासुद्धा याच गावात आहे. तेव्हा हा प्रश्न याच गावातल्या मुलाने विचारावा यात नवल नव्हते. गुरुजी थोडे थांबले आणि म्हणाले, "मला ठाऊक नाही. पण पुण्याच्या विद्यापीठात हेच शोधत बसलेली माणसं आहेत." दुसऱ्या दिवशी शाळेत अंडे फोडले म्हणून दोन पालक तक्रार घेऊन आले. दुसरे अंडे त्यामुळे फोडले गेले नाही. ती माणसे कोण होती, हे मला निवृत्तीनंतर, फुरसतीने वाचू लागल्यावर कळले. आजचे हे निवेदन त्या वाचनाचे आहे.

प्रथम, माझ्या धंद्याला अनुसरून, शब्दांकडे वळतो. 'सेल' या इंग्रजी शब्दाला आपल्या पाठ्यपुस्तकांनी 'पेशी' हा शब्द दिला. मराठी विश्वकोशाने 'कोशिका' पसंत केला. हिंदीतही कोशिकाच आहे. शेजारच्या कन्नड शाळेतला मुलगा 'जीवकोश' म्हणतो. म्हणजे खानापुरात एकाच गल्लीत राहणारी दोन मुले शरीराच्या एकाच घटकाला दोन नावांनी ओळखतात आणि बेळगावच्या महाविद्यालयात गेल्यावर दोघेही आपापला शब्द बाहेर ठेवून 'सेल' म्हणू लागतात. यांपैकी 'पेशी' हा शब्द मला विशेष लक्षणीय वाटतो. आयुर्वेदात पेशी म्हणजे मांसाचा गोळा, स्नायू. परंतु चरकसंहितेच्या शारीरस्थानात तो गर्भाच्या संदर्भातही येतो. दुसऱ्या महिन्यात गर्भ घट्ट होतो आणि पिंड, पेशी किंवा अर्बुद असे तीनांपैकी एक रूप घेतो. पिंड असेल तर पुरुष, पेशी असेल तर स्त्री आणि अर्बुद असेल तर नपुंसक, असे तेथे सांगितले आहे. शास्त्रीय दृष्ट्या हे चूक आहे. आपल्या पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते असे मानणाऱ्यांपैकी मी नाही. पण अभ्यासकाने थबकावे अशी एक गोष्ट त्यात आहे. अर्बुद हाच शब्द आयुर्वेदात गाठीसाठी, शरीरात आगंतुकपणे वाढणाऱ्या मांसासाठी योजला आहे. आजही वैद्यकीय मराठीत 'ट्यूमर'ला अर्बुद म्हणतात. गर्भ घडणे आणि गाठ वाढणे या दोन्ही गोष्टींना पुरेल असा शब्द त्या काळी कोणाला तरी सुचला होता. विसाव्या शतकात मराठी मुलखातील दोन स्त्रियांनी जे काम केले ते नेमके या दोन टोकांचे आहे. एकीने गर्भ घडतो कसा हे पाहिले, दुसरीने पेशी बिघडते कशी हे पाहिले.

त्यांच्याकडे येण्याआधी पश्चिमेकडील पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे भाग आहे. अंडे फोडून पाहण्याची युक्ती आमच्या गुरुजींची नव्हे. ॲरिस्टॉटलने कोंबडीची अंडी निरनिराळ्या दिवशी फोडून पाहिली आणि तिसरा दिवस उलटल्यावर रक्ताच्या ठिपक्यासारखे हृदय दिसते, अशी नोंद करून ठेवली. पुढे सतराव्या शतकात सूक्ष्मदर्शक आला. रॉबर्ट हुकने १६६५ मध्ये बुचाच्या कापात खोल्या पाहिल्या आणि त्यांना सेल म्हटले. त्याच शतकाच्या अखेरीस हार्टसूकर नावाच्या डच गृहस्थाने शुक्राणूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला चिमुकला माणूस चितारला. जीव आधीच पूर्ण घडलेला असतो आणि गर्भात तो नुसता मोठा होतो, असे मानणाऱ्यांची मोठी परंपरा होती. काही नसलेल्यातून क्रमाक्रमाने अवयव निर्माण होतात हे व्होल्फने १७५९ मध्ये कोंबडीच्या गर्भावरूनच दाखवले, तरी वाद मिटायला बराच काळ लागला. १८३८-३९ मध्ये श्लायडेन आणि श्वान यांनी वनस्पती व प्राणी दोन्ही पेशींचे बनलेले असतात असे मांडले आणि मग प्रश्न बदलला. एका पेशीपासून असंख्य पेशी होतात हे मान्य. पण त्यांतली एक यकृताची आणि दुसरी डोळ्याची का होते?

जर्मनीत हान्स श्पेमान आणि त्यांची तरुण विद्यार्थिनी हिल्डे मांगोल्ड यांनी १९२४ मध्ये याचे एक चकित करणारे उत्तर प्रसिद्ध केले. पाणसरड्याच्या एका गर्भातील ठरावीक जागेचा तुकडा त्यांनी दुसऱ्या गर्भाच्या पोटाकडील भागात बसवला. तेथे दुसरा कणा आणि दुसरा मज्जारज्जू उभा राहिला. एकमेकांना चिकटलेली जुळी म्हणावीत तशी. बसवलेल्या तुकड्याने आजूबाजूच्या परक्या पेशींना कामाला लावले होते. त्या तुकड्याला त्यांनी 'संघटक' म्हटले. श्पेमान यांना १९३५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हिल्डे मांगोल्ड तो निबंध प्रसिद्ध झाला त्याच वर्षी स्वयंपाकघरातील स्टोव्हच्या स्फोटात भाजून वारली होती. कुंभाराच्या मुलाच्या प्रश्नाचे हे पहिले उत्तर : हात बाहेर नाही, पेशीच एकमेकींना वळवतात.

पक्ष्यांच्या गर्भातही असा संघटक असतो हे दाखवणारे कॉनरॅड वॉडिंग्टन पुढे एडिंबरोच्या प्राणी-आनुवंशिकी संस्थेचे प्रमुख झाले. लीला मुल्हेरकर १९५० च्या दशकात त्यांच्याकडे शिकल्या आणि पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात परतल्या. त्यांचे एक संशोधन १९५८ मध्ये गर्भविज्ञानाच्या एका प्रतिष्ठित ब्रिटिश नियतकालिकात छापले गेले. कोंबडीच्या गर्भात प्रारंभी जी एक रेघ उमटते, जिला आदिरेषा म्हणतात, तिच्या बाजूंच्या भागांमध्ये इतर पेशींना प्रवृत्त करण्याची शक्ती कितपत असते, हा त्याचा विषय होता.

वॉडिंग्टन यांनी १९५७ साली आपल्या एका ग्रंथात पेशीच्या भवितव्याचे जे चित्र काढले ते जगभर प्रसिद्ध आहे. डोंगरउतारावरून एक गोळा घरंगळत येतो. वाटेत दऱ्या फुटत जातात. गोळा ज्या दरीत शिरला तिच्या तळाशी पोचतो आणि मग दुसऱ्या दरीत जाणे त्याला दुष्कर होते. पेशीचेही असेच. हे चित्र पाहून मला आपला तालुका आठवला. कणकुंबीच्या माथ्यावर पडलेला पावसाचा एक थेंब मलप्रभेत जातो, खानापूरच्या पुलाखालून वाहत कृष्णेला मिळतो आणि बंगालच्या उपसागरात पोचतो. त्याच डोंगररांगेत, देगावच्या बाजूला पडलेला दुसरा थेंब म्हादईत उतरतो आणि गोव्यातून अरबी समुद्राला जातो. माथ्यावर दोघे सारखेच असतात. थोड्या अंतराने त्यांचे समुद्र ठरतात. एकदा घाट उतरलेले पाणी माघारी वर येत नाही अशी आमची समजूत होती. म्हादईचे पाणी मलप्रभेकडे वळवण्यावरून दोन राज्यांत काय चालले आहे हे आपण जाणताच. पेशीचे पाणीही वर चढवता येते हे जॉन गर्डन यांनी १९६२ मध्ये बेडकाच्या पेशीकेंद्रावरून दाखवले. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या पूर्ण वाढलेल्या पेशीत केवळ चार जनुके घालून तिला पुन्हा माथ्यावर नेले. दोघांना मिळून २०१२ चे नोबेल मिळाले. परंतु मुल्हेरकर काम करीत होत्या तेव्हा हे सारे पुढे व्हायचे होते.

त्यांच्या प्रयोगशाळेत जे उपकरण सर्वांत मोलाचे होते त्याची किंमत ऐकून आपल्याला हसू येईल. ते म्हणजे काचनळीचा कापलेला एक कडा, बांगडीसारखा, आणि एक वॉचग्लास. डेनिस न्यू या इंग्रज शास्त्रज्ञाने १९५५ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. अठरा-वीस तास उबवलेले अंडे मिठाच्या कोमट द्रावणात फोडायचे. बलकाभोवती एक तलम पारदर्शक पडदा असतो. तो मध्यावर गोल कापायचा आणि वरची अर्धी टोपी, तिला चिकटलेल्या गर्भासह, सोलून काढायची. हे सोलणे हलक्या हाताचे काम आहे. घाईने ओढले की पडदा फाटतो आणि अंडे वाया जाते. मग ती टोपी उलटी करून वॉचग्लासवर पसरायची, तिच्यावर काचेचा कडा ठेवायचा आणि पडद्याची कडा त्या कड्यावरून आत मुडपायची. परडीच्या काठावर फडके ताणून बसवावे तसे. खालून अंड्यातलाच पातळ पांढरा बलक घालायचा. झाकून सदतीस-अडतीस अंश उष्णतेत ठेवले की कवचाबाहेर, काचेच्या पात्रात, डोळ्यांदेखत गर्भ वाढू लागतो. मेंदूची पन्हळ मिटते, हृदय वळते, चालू होते. एक-दोन दिवस हा खेळ चालतो. या अवधीत गर्भाखाली एखादे द्रव्य घालावे, एखादा तुकडा काढावा, दुसरा लावावा, आणि काय होते ते बघावे.

परकीय चलनाची चणचण होती, एखादे यंत्र मागवायचे तर परवान्यासाठी वर्ष जायचे, त्या काळात ही पद्धत विद्यापीठातल्या प्रयोगशाळेला मानवली यात आश्चर्य नाही. अंडी बाजारात मिळत. विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांचे हात या कामावर बसले. मुल्हेरकरांनी १९६० मध्ये ट्रिपॅन ब्लू या रंगाचा परिणाम काचपात्रातील कोंबडीच्या गर्भावर काय होतो हे प्रसिद्ध केले. गाभण उंदरीला हा निळा रंग टोचला तर पिलांत व्यंग निर्माण होते हे तोवर ठाऊक झाले होते. पण दोष आईत उद्भवतो की थेट गर्भात, हा गुंता मातेच्या उदरात सुटत नाही. काचपात्रात आई नसते, म्हणून प्रश्न सुटा करता येतो. त्यानंतर दोन वर्षांच्या आतच, १९६१ च्या अखेरीस, थॅलिडोमाइडचा अनर्थ जगापुढे आला. गर्भारपणातील मळमळीवर दिलेल्या त्या गोळीने दहा हजारांवर बालके हात-पाय खुरटलेली अशी जन्माला आली. गर्भावर द्रव्ये तपासण्याचे जे काम तोवर चार-दोन प्रयोगशाळांचे कुतूहल समजले जाई त्याची निकड एका रात्रीत साऱ्यांना पटली.

आमच्या वर्गात अंडे फुटले ते १९६४ साली. गुरुजींना हे निबंध ठाऊक असण्याचा संभव नाही. कुठल्याशा मासिकात किंवा पुण्याहून आलेल्या नातेवाइकाच्या तोंडून त्यांनी उडत उडत ऐकले असावे. पण त्यांनी सांगितले ते खरे होते.

आता अर्बुदाच्या टोकाकडे वळू. कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. शिक्षण हुजूरपागेत, नंतर फर्ग्युसनमध्ये. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे अशी वडिलांची इच्छा होती. मुलीने दोन्ही मानले नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ मध्ये त्यांनी एम. एस्सी. केले, ते सीताफळ-रामफळाच्या कुलातील वनस्पतींच्या पेशींतील गुणसूत्रांवर. १९३९ मध्ये गणितज्ञ जयसिंग रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता, त्यामुळे मुक्काम मुंबईला. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात विकृतिशास्त्राचे प्रमुख होते वसंत रामजी खानोलकर. त्यांच्या मार्गदर्शनाखाली कमल रणदिवे यांनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळवली. सीताफळाच्या पेशीवरून त्या उंदराच्या आणि माणसाच्या पेशीवर आल्या.

पुढे त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. शरीराबाहेर पेशी जगवण्याच्या विद्येत गाय यांचा हातखंडा होता. रॉस हॅरिसन यांनी १९०७ मध्ये बेडकाच्या गर्भातील चेतापेशी एका लोंबत्या थेंबात जगवून तिचा तंतू वाढताना पाहिला, तेथून ही विद्या सुरू झाली. पण माणसाच्या पेशी काचेत फार काळ टिकत नसत. गाय यांच्या प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या अर्बुदातील पेशी अखंड वाढू लागल्या. 'हेला' नावाने त्या जगभर गेल्या आणि पोलिओच्या लशीपासून कितीतरी गोष्टी त्यांच्यावर पारखल्या गेल्या. ती बाई त्याच वर्षी ऑक्टोबरात गेली. तिला किंवा तिच्या घरच्यांना कोणी विचारले नव्हते. तिच्या वारसांशी एका मोठ्या कंपनीने तडजोड केली ती २०२३ मध्ये, म्हणजे बहात्तर वर्षांनी. या शास्त्राच्या इतिहासात हे पानही आहे. ते मिटून पुढे जाणे मला बरे वाटत नाही.

परळला १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. खानोलकर त्याचे पहिले संचालक. रणदिवे यांनी तेथे ऊतिसंवर्धनाची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याची, प्रयोगशाळा उभी केली. आपल्या देशातील ती पहिली. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी केंद्राच्या हंगामी संचालकाचीही धुरा वाहिली. उंदरांच्या विशिष्ट वंशांत स्तनाचा कर्करोग का उद्भवतो, त्यात आनुवंशिकतेचा भाग किती, संप्रेरकांचा किती, आईच्या दुधातून जाणाऱ्या विषाणूचा किती, याचा त्यांनी वर्षानुवर्षे शोध घेतला. या केंद्रातील संशोधकांना पदवी मुंबई विद्यापीठाची मिळे, आणि खानोलकर स्वतः पुढे त्या विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

एक प्रकरण थोडे अडचणीचे आहे, तेही सांगतो. बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी १९५८ मध्ये कुष्ठरुग्णाच्या गाठीतून घेतलेला एक जिवाणू काचेत, मानवी गर्भाच्या चेतापेशींच्या संगतीत वाढवला. कुष्ठरोगाचा जिवाणू शरीराबाहेर कोणालाही वाढवता आलेला नव्हता, त्यामुळे या बातमीने मोठी खळबळ झाली. पुढे असे ठरले की हा जिवाणू कुष्ठाचा नव्हे, त्याच्या भाऊबंदांतला आहे. तरीही त्यापासून लस सिद्ध झाली आणि दक्षिण भारतातील मोठ्या चाचणीत तिने बऱ्यापैकी संरक्षण दिल्याचे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. दावा चुकला पण लस उपयोगी पडली, असे हे विचित्र प्रकरण आहे. बेळगावजवळ हिंडलग्याच्या कुष्ठ रुग्णालयावरून ज्यांचे जाणे-येणे आहे त्यांना त्यातली निकड वेगळी सांगायला नको.

आणि तंबाखू. निपाणीचा तंबाखू म्हटले की आपल्या भागातील माणसाची मान अजूनही थोडी ताठ होते. त्या पिकाने घरे बांधली, मुले शिकवली. वखारींतून राबणाऱ्या बायांची फुप्फुसेही त्यानेच घेतली. १९८१ मध्ये शेतकरी रस्त्यावर उतरले ते त्याच्या भावासाठी. खानोलकर यांनी १९४४ मध्ये मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठच्या एक हजार रुग्णांचा आढावा एका अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध केला होता आणि तंबाखू-सुपारीच्या सवयीकडे बोट दाखवले होते. १९७२ मध्ये फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील १,०१,७६१ खेडुतांची तोंडे तपासून काढलेला अहवाल आला. रणदिवे आणि सहकाऱ्यांचे सुपारी व तंबाखू यांच्या अर्कांवरील प्राण्यांतील प्रयोग १९७६ मध्ये छापले गेले. त्याच संस्थेत सुमती भिडे आणि त्यांचे सहकारी १९८० च्या दशकात मशेरीकडे वळले. तंबाखू तव्यावर काळा होईतो भाजून दातांना लावतात ती मशेरी, आपल्याकडची मिश्री. हे पांढरपेशा शास्त्राच्या नजरेला सहसा न पडणारे, बायकांचे, चुलीजवळचे व्यसन. त्याचा अर्क उंदरांना देऊन त्यांनी तो कर्ककारक असल्याचे दाखवले.

माझी आई मिश्री लावी. पहाटे चूल पेटली की तव्यावर तंबाखूची पाने टाकलेला तो उग्र वास घरभर पसरे. मला तो आजही आवडतो हे कबूल करतो. तिच्या डाव्या गालात आतून पांढरा चट्टा होता. ती त्याला दातांचा घासा म्हणे. १९७४ च्या पावसाळ्यात तिला मिरजेला नेले तोवर उशीर झाला होता. मी तेव्हा एम. ए. होऊन प्राध्यापकी करीत होतो, संतसाहित्यावर प्रबंध लिहीत होतो. रामदासांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकाच्या आरंभी गर्भवासाच्या दुःखाचे जे निरूपण केले आहे त्यावर मी चाळीस पाने लिहिली. परंतु खानोलकरांचा निबंध तीस वर्षांपूर्वी छापलेला आहे, ही गोष्ट घरात एकट्या शिकलेल्या मला ठाऊक नव्हती. मराठीत ती आमच्यापर्यंत आली नव्हती. मी हे कोणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. मराठीचा प्राध्यापक मीच होतो.

रणदिवे यांना १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले. भारतीय स्त्री-वैज्ञानिकांची संघटना १९७३ मध्ये स्थापन करण्यात त्या पुढे होत्या. निवृत्तीनंतर त्या नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, राजूरच्या सत्यनिकेतन संस्थेच्या साहाय्याने, आदिवासी मुलांचे पोषण आणि आरोग्य यांचे काम करू लागल्या. बाल्टिमोरला पेशी वाढवायला शिकलेली बाई सह्याद्रीच्या पाड्यांत मुलांची वजने घेत फिरत होती, हे मला त्यांच्या पदव्यांहून थोर वाटते. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.

पुणे विद्यापीठाच्या आवारात १९८६ मध्ये पेशी-संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा सुरू झाली. तिचेच पुढे राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र झाले. देशभरच्या प्रयोगशाळांना लागणाऱ्या पेशींचे वाण तेथून पुरवले जाते. बी-बियाण्यांची पेढी म्हणा ना. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या आणि आज आघारकर यांच्या नावाने चालणाऱ्या पुण्यातील संस्थेत सुरेंद्र घासकडबी आणि सहकाऱ्यांनी कोंबडीच्या गर्भाबरोबर हायड्रा या गोड्या पाण्यातील जीवावरही काम केले. हायड्राचे दोन तुकडे केले तर दोन हायड्रा होतात. श्पेमानचा संघटक त्याच्याही तोंडाशी असतो.

पुण्या-मुंबईचेच बोलतो आहे, असा आक्षेप मागच्या रांगेतून येण्याआधी धारवाडकडे येतो. लोंढा, अळणावर मागे टाकून गाडी धारवाडला पोचते. १ नोव्हेंबर १९५६ च्या आधीपासून आपल्या जिल्ह्यातील मुलांचे विद्यापीठ ते होते. आमच्या पिढीच्या मनात त्या शहराविषयी जी अढी होती ती भाषेच्या वादातून आलेली. त्यापायी तेथल्या विद्येकडे आम्ही पाठ फिरवली ही चूक होती. कर्नाटक विद्यापीठात श्रीनिवास सैदापूर यांनी बेडकांच्या जननशास्त्रावर आयुष्य वेचले. एकाच मातेच्या अंड्यांतून निघालेले बेडूकमासे आपल्या सख्ख्या भावंडांना ओळखून त्यांच्या जवळ राहतात, याचा त्यांनी आणि भाग्यश्री शानभाग यांनी अभ्यास केला. कुंपणावरचा सरडा पाऊस लांबला तर पोटातली अंडी घालण्याचे लांबवतो, हेही त्यांच्याच चमूचे निरीक्षण. जून कोरडा गेला की आपण आकाशाकडे बघत बसतो. सरडीण तिकडे अंडी रोखून धरते.

शेवटची गोष्ट आपल्या तालुक्यातली. पावसाळ्यात माती खणताना गांडुळासारखा, पण जबडा असलेला एक प्राणी निघतो. मराठीत त्याला देवगांडूळ म्हणतात. तो बेडकांच्या गणगोतातला, बिनपायांचा उभयचर. म्हैसूर विद्यापीठातील बी. आर. शेषाचार यांनी १९३० च्या दशकापासून या प्राण्यांच्या पेशी आणि गर्भ यांवर मूलभूत काम केले. त्यांचे नाव दिलेली एक जाती रत्नागिरी जिल्ह्यातील डोर्ले गावी सापडली आणि २००८ मध्ये कळले की ती अंडी घालत नाही, पिलांनाच जन्म देते. २००७ मध्ये आणखी एक नवी जाती शास्त्राला ठाऊक झाली. ती ज्या गावी सापडली ते चोर्ला, तालुका खानापूर, आणि तिचे नाव ठेवले आहे म्हादईवरून. लाल मातीत, आपल्या पायांखाली ती होतीच.

या व्याख्यानाचे मानधन शाळेने मला आधीच पाकिटात घालून दिले आहे. ते मी मुख्याध्यापकांकडे परत देतो आहे. त्यातून दोन डझन वॉचग्लास, काचनळी कापण्याची एक कानस, एक भिंग आणि उबवणीच्या पेटीसाठी दिवा व तापमापक आणावा. काचेचे कडे कुंभारगल्लीतल्या कोणाकडून घासून घेता येतील. अंडी कुठे मिळतील हे मुलांना सांगावे लागणार नाही. पालक तक्रार घेऊन आले तर त्यांना माझ्या घरचा पत्ता द्यावा.